मधुमेह आणि जड धातु

मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग आहे. औतामागें चालणाऱ्या व ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसास तो होत नाहीं, अशी समजूत आपल्याकडील खेड्यापाड्यांतून पूर्वीं सर्वत्र होती व अद्यापि ती पुरी गेलेली नाहीं. परंतु अनुभव तिच्या उलट येत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्यानें सर्व देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून पाहतां देशांत दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असून, प्रौढांमध्यें त्याचें प्रमाण शहरांत शेंकडा १६.४ व खेड्यांत शेंकडा ८.९ इतकें आहे. म्हणजे खेड्यांतील दर अकरा प्रौढ माणसांमागें एकास हा रोग जडलेला आहे.

या वाढीचीं मुख्य कारणें आतां बहुतेकांस विदित आहेत. आनुवंशिक कल, साखर व तळलेल्या पदार्थांचा वाढता वापर, बैल जाऊन आलेला ट्रॅक्टर व पायवाट जाऊन आलेली मोटारसायकल, हीं तीं कारणें होत. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संशोधकांचें लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधलें आहे. पाणी, अन्न, तंबाखू व औषधें यांच्या वाटेनें शरीरांत शिरणारे सोमल, कॅडमियम, शिसें यांसारखे जड धातु या रोगास हातभार लावतात काय, असा तो प्रश्न आहे. त्यांत सिद्ध किती, संशयित किती, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्याशीं त्याचा संबंध कोठें येतो, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय हातीं घेण्यास एक प्रसंग कारण झाला. माझ्या परिचयाच्या एका बागाईतदार गृहस्थांस पन्नाशींत मधुमेह जडला. सरकारी दवाखान्यांतील गोळ्यांनीं साखर आटोक्यांत होती. पुढें एका बाजारांत, ‘साखर मुळासकट जाईल’ असें सांगून एका विक्रेत्यानें त्यांस करड्या रंगाच्या चूर्णाच्या पुड्या दिल्या. पुडीवर ना घटक लिहिलेले, ना बनविणाऱ्याचें नांव. त्यांनीं गोळ्या सोडल्या व पुड्या धरल्या. पांच-सहा महिन्यांत पोटांत कळा येऊं लागल्या, मलावरोध झाला, चेहरा पांढुरका पडला, मनगटांतील जोर गेला. साखरच वाढली असावी अशा समजुतीनें त्यांनीं पुडीची मात्रा दुप्पट केली. शेवटीं सोलापुरास नेल्यावर एका डॉक्टरानें रक्तांतील शिसें तपासविलें, तेव्हां उलगडा झाला. पुड्या बंद केल्या, उपचार झाले व गृहस्थ वांचले. परंतु मूत्रपिंडांचें जें नुकसान झालें तें पुरतें भरून आलें नाहीं. रोगावर म्हणून घेतलेली वस्तु रोगाहून घातक ठरली.

जड धातु म्हणजे काय

सगळेच धातु शरीरास वाईट नव्हेत. लोह, जस्त व तांबें यांवांचून माणसाचें किंवा पिकाचें चालत नाहीं; मात्र तीं बेताबातानें असावीं लागतात. शिसें, सोमल, कॅडमियम व पारा यांचें तसें नाहीं. शरीरास त्यांचा मुळींच उपयोग नाहीं. सोमल हा शास्त्रदृष्ट्या पुरा धातु नव्हे, तथापि विषारी गुणामुळें त्याची गणना याच वर्गांत करण्याचा प्रघात आहे.

या धातूंचा खरा दोष हा कीं, ते कुजत नाहींत, जळत नाहींत व त्यांतील कांहीं शरीराबाहेर फारच सावकाश जातात. मीं नोकरींत वर्षानुवर्षें जमाखर्च लिहिला आहे, म्हणून त्याच भाषेंत सांगतों. ज्या खात्यांत रोज थोडी थोडी जमा पडते व खर्च जवळजवळ पडतच नाहीं, त्याची शिल्लक वर्षाअखेर डोळ्यांत भरूं लागते. कॅडमियमचें खातें असेंच आहे. मूत्रपिंडांत सांठलेलें कॅडमियम निम्में होण्यास दहा ते तीस वर्षें लागतात. शिसें हाडांत जाऊन बसतें व तेथें अनेक वर्षें टिकतें. सोमल त्या मानानें लवकर, थोड्या दिवसांत, लघवीवाटे निघून जातो. परंतु रोजच्या पिण्याच्या पाण्यांतच तो असेल, तर शरीर त्यापासून कधींच मोकळें होत नाहीं.

साखरेच्या कारभारांत अडथळा

जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचें एक इंद्रिय आहे. त्यांतील विशिष्ट पेशी इन्शुलिन नांवाचा रस तयार करून रक्तांत सोडतात. हा रस किल्लीसारखें काम करतो. त्याच्या योगानें रक्तांतील साखर स्नायूंत व इतर पेशींत शिरते आणि तेथें तिची शक्ति बनते. रस कमी पडला, किंवा पेशी त्यास जुमानीनाशा झाल्या, म्हणजे साखर रक्तांत तुंबते. हाच मधुमेह होय.

या पेशी इन्शुलिन सांठवून ठेवतांना जस्ताचा उपयोग करतात, म्हणून जस्त आंत घेण्याच्या वाटा त्यांच्यापाशीं मुबलक असतात. कॅडमियम हें रसायनशास्त्राच्या दृष्टीनें जस्ताचेंच भावंड आहे. तें जस्ताच्या वाटेनें आंत शिरतें आणि तेथेंच ठाण मांडून पेशींस इजा करतें. सोमलाची तऱ्हा निराळी. पेशींत साखर जाळून शक्ति निर्माण करणारीं जीं द्रव्यें असतात, त्यांस तो चिकटतो व त्यांचें काम अडवितो. शिवाय इन्शुलिनचा स्राव घटवितो. पेशींवर व उंदरांवर केलेल्या प्रयोगांत या गोष्टी दिसून आल्या आहेत. मात्र प्रयोगशाळेंत दिलेली मात्रा पुष्कळदां मोठी असते. म्हणून माणसांत काय घडतें तें वेगळें पाहावें लागतें.

माणसांत काय आढळलें

तैवान बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कांहीं गांवें खोल विहिरींचें पाणी पीत असत व त्यांत सोमल पुष्कळ होता. तेथें पाय काळे पडून झडण्याचा रोग पूर्वींपासून प्रसिद्ध होता. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या गांवांत मधुमेहहि इतर ठिकाणांच्या सुमारें दुप्पट आढळला. १९९८ सालीं बांगला देशांतून तशाच अर्थाचा निष्कर्ष आला. कूपनलिकांच्या सोमलयुक्त पाण्यानें ज्यांच्या तळहातांवर व तळपायांवर घट्टे उठले होते, अशा लोकांत मधुमेहाचें प्रमाण अधिक निघालें.

हीं उदाहरणें भारी मात्रेचीं झालीं. थोड्या मात्रेनें काय होतें? २००८ सालीं अमेरिकेंत ॲना नवास-एसियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७८८ प्रौढांच्या लघवींतील सोमल मोजून असें लिहिलें कीं, सोमल अधिक असणाऱ्यांत मधुमेहहि अधिक दिसतो. परंतु पुढच्याच वर्षीं दुसऱ्या विद्वानांनीं त्याच आंकड्यांची निराळी मांडणी करून आक्षेप घेतला. मासे खाणाऱ्यांच्या लघवींत येणारा सोमल बव्हंशीं निरुपद्रवी जातीचा असतो. त्याचा हिशेब वेगळ्या रीतीनें धरल्यास हा संबंध उरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तेव्हां भारी मात्रेंत सोमल मधुमेहास कारण होतो याचा पुरावा बळकट आहे. अल्प मात्रेविषयीं तो तितका पक्का नाहीं. शास्त्राच्या वाचकानें हा भेद कधीं विसरूं नये.

कॅडमियमविषयीं २००३ सालीं अमेरिकेंतीलच एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठ हजारांहून अधिक प्रौढांत, लघवींत कॅडमियम जितकें अधिक तितकी वाढलेली साखर व मधुमेह अधिक, असें तींत दिसलें. या धातूचें मूत्रपिंडांवरील वैर तर त्यापूर्वींच सर्वमान्य झालें होतें. जपानांतील जिंझू नदींत खाणीचें कॅडमियम उतरलें, त्या पाण्यावर भात पिकला, आणि तो खाणाऱ्या विशेषतः वृद्ध स्त्रियांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं, वेदनेच्या आक्रोशावरूनच त्या रोगास ‘इताई-इताई’ असें नांव पडलें. १९६८ सालीं जपान सरकारनें कॅडमियम हें त्याचें कारण असल्याचें मान्य केलें.

आपल्या देशांतील शेतकऱ्यांपुरतें पाहावयाचें तर तमिळनाडूंतील नल्लमपट्टी या शेतकरी गांवाचें उदाहरण आहे. कोइमतूरच्या एका रुग्णालयाचे डॉ. कृष्णन स्वामिनाथन, गणेशन वेलमुरुगन इत्यादि संशोधकांनीं तेथें जो अभ्यास केला, तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. सोमल व ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गांतील कीटकनाशकें हीं दोन्ही ज्यांच्या शरीरांत एकत्र सांठलेलीं आढळलीं, त्यांच्यांत मधुमेहाशीं व रक्तवाहिन्या कठीण होण्याशीं संबंध दिसून आला. एका गांवावरून सर्व देशाचा निवाडा करतां येत नाहीं. तथापि फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या प्रत्येकानें याची नोंद घ्यावी.

पुण्याच्या संशोधनाचा धडा

येथें कोणी विचारील कीं, एवढ्याशा धातूनें धडधाकट माणसाचें काय होणार? याचें उत्तर देण्यास पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम उपयोगी पडतें. तें जड धातूंविषयीं नाहीं. परंतु आपलें शरीर किती निसरड्या काठावर उभें आहे, हें त्यावरून कळतें. के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागांतून त्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्पटन शहराच्या बाळांचें ३.५ किलो होतें. आपल्या बाळांचे स्नायू पुष्कळ कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानें घटलेली नव्हती. दिसावयास कृश, आंतून चरबीयुक्त, अशी ही घडण गर्भांतच होते व पुढें मधुमेहास अनुकूल ठरते.

मोठेपणींहि हीच घडण दिसते. २००४ सालीं डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं स्वतःचींच शरीरें मोजून तें दाखविलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१ व याज्ञिक यांची शेंकडा २१.२. म्हणून अंगानें सडपातळ असलेल्या शेतकऱ्यानें आपणांस मधुमेहाचें भय नाहीं असें समजूं नये. ज्या बैलावर मुळांतच ओझें जास्त आहे, त्याच्या पाठीवर आणखी एक गोणी टाकणें शहाणपणाचें नव्हे.

आपल्या जिल्ह्यांत धोका कोठें

पहिली गोष्ट पाण्याची. सोमलाचा मोठा उपद्रव गंगेच्या गाळाच्या मैदानांत, म्हणजे पश्चिम बंगाल, बिहार वगैरे प्रांतांत आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत तो छत्तीसगडच्या राजनांदगांव भागांत, कौडीकसा गांवाच्या परिसरांत १९९९ सालीं उघडकीस आला. तेथील खडक निराळा आहे. तुळजापूरपासून परंड्यापर्यंत आपली भूमि काळ्या पाषाणाची आहे, व या खडकांत सोमलाचें भय बंगालइतकें नाहीं. तरी ज्या बोअरवेलीचें पाणी घरांत रोज पितात, ती एकदां तपासून घेणेंच इष्ट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत सोमल व शिसें प्रत्येकीं ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम याहून अधिक असूं नये. हे धातु रंगानें, चवीनें वा वासानें ओळखतां येत नाहींत, आणि पाणी उकळल्यानें ते जात नाहींत; उलट पाणी आटून त्यांचें प्रमाण वाढतें.

दुसरी गोष्ट खताची. स्फुरदाचीं खतें ज्या दगडापासून करतात, त्यांत निसर्गतःच थोडेंबहुत कॅडमियम असतें. युरोपांतील देशांनीं २०२२ पासून स्फुरदाच्या दर किलोमागें ६० मिलिग्रॅम अशी त्याची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे शहरी कचऱ्याच्या कंपोस्टास खत नियंत्रण आदेशान्वयें मर्यादा असून, दर किलोंत कॅडमियम ५, सोमल १० व शिसें १०० मिलिग्रॅम याहून अधिक चालत नाहीं. यावरून घाबरून स्फुरद बंद करण्याचें कारण नाहीं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत आम्लता नसल्यानें पिकें कॅडमियम कमी शोषतात, हा निसर्गाचाच उपकार आहे. मात्र माती न तपासतां दर हंगामास पोत्यावर पोतें टाकण्यांत पैसा जातो व ही शिल्लकहि वाढते.

तिसरी गोष्ट तंबाखूची. तंबाखूचें झाड जमिनींतील कॅडमियम पानांत ओढून घेतें. विडी ओढणाऱ्याच्या शरीरांत तें न ओढणाऱ्याच्या सुमारें दुप्पट सांपडतें. ज्यास मधुमेह आहे त्यानें विडी ओढणें म्हणजे मूत्रपिंडांवर दोन्ही बाजूंनीं घाव घालणें होय. तसेंच ज्या स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी, म्हणजे लोह कमी, त्यांचें आंतडें कॅडमियम अधिक शोषतें. म्हणून घरांतील स्त्रियांच्या पंडुरोगाची हयगय करूं नये.

चौथी व माझ्या मतें सर्वांत मोठी गोष्ट औषधांची. १९९४ सालीं इंग्लंडांतील डॉक्टरांनीं, मधुमेहावर म्हणून घेतलेल्या हिंदी वनौषधींमुळें शिशाची विषबाधा झाल्याचें लिहून ठेवलें आहे. २००४ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकीं १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल निघाला. २००८ सालीं १९३ औषधांच्या दुसऱ्या तपासणींत हें प्रमाण पुन्हां शेंकडा वीसच्या घरांत आलें, आणि ज्यांत धातूंचीं भस्में मुद्दाम घालतात त्यांत शेंकडा चाळीस. आपल्या सरकारनें निव्वळ वनस्पतींच्या आयुर्वेदिक औषधांस दर किलोमागें शिसें १०, सोमल ३, पारा १ व कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरविली आहे. जाणत्या वैद्यानें केलेल्या चिकित्सेची येथें निंदा करावयाची नाहीं. परंतु जत्रेंत, बाजारांत वा मोबाईलवरील जाहिरातींत मिळणाऱ्या निनांवी पुडीस यांपैकीं कोणतीच चाळणी लागलेली नसते.

शिशाचा मधुमेहाशीं प्रत्यक्ष संबंध सोमलाइतका दिसलेला नाहीं; परंतु तें रक्त घटवितें, मज्जातंतू मारतें व मूत्रपिंडें निकामी करतें. मधुमेहहि मज्जातंतू व मूत्रपिंडें यांवरच उठतो. म्हणून हातापायांस मुंग्या येणें, अशक्तता, लघवींत दोष, यांचा ठपका रोगी साखरेवर ठेवतो आणि पुडी चालूच राहते.

काय करावें

वयाचीं तीस वर्षें उलटलेल्या प्रत्येकानें, अंगानें कितीहि सडपातळ असो, वर्षांतून एकदां प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तांतील साखर तपासावी. उपाशीपोटीं ती १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासून खात्री करावी. मधुमेह निश्चित झाल्यावर डॉक्टरानें दिलेलें औषध, त्यास विचारल्यावांचून, एक दिवसहि सोडूं नये.

घरांत एखादें चूर्ण वा भस्म चालू असेल, तर तें लपवूं नये. पुडीसह डॉक्टरास दाखवावें. पोटांत वारंवार कळा, मलावरोध, पांढुरकेपणा व मनगटांची अशक्तता हीं लक्षणें एकत्र दिसतांच रक्तांतील शिसें तपासण्याची विनंति करावी.

पिण्याचें पाणी प्रयोगशाळेंत देतांना ‘धातूंची तपासणी हवी’ असें स्पष्ट सांगावें, कारण नेहमींच्या तपासणींत क्षार व जंतु पाहतात, धातु पाहतीलच असें नाहीं. पंप कांहीं वेळ चालवून मगच नमुना भरावा व बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी.

माती तपासून तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानें खताची मात्रा ठरवावी. जस्ताची उणीव असल्यास ती भरून काढावी. त्यायोगें पीकहि सुधारतें, व गव्हासारख्या पिकांत कॅडमियमचें शोषणहि कमी होतें असें प्रयोगांत दिसलें आहे. फवारणी करतांना तोंडास फडकें, हातांत मोजे व अंगावर पूर्ण कपडे असावेत. फवारणीनंतर आंघोळ केल्यावांचून जेवूं नये. भांड्यांस कल्हई निर्भेळ कथलाची लावावी, आणि जुन्या बॅटऱ्या फोडून घरच्या चुलीवर शिसें वितळविण्याचा उद्योग कोणीं करूं नये.

शेवटीं प्रमाणाचें भान ठेवावें. मधुमेहाचीं मोठीं कारणें आहार, श्रमांची उणीव व आनुवंशिक कल हींच आहेत. धातूंवर सर्व दोष ढकलून गोडधोड चालू ठेवणाराची फसगतच होईल. परंतु पाणी, खत, तंबाखू व औषध या चार दरवाजांवर पहारा ठेवणें आपल्या हातीं आहे, आणि त्यास फारसा खर्चहि नाहीं. शेताचा बांध कोरला जातो तेव्हां आपण लगेच जागे होतों व मोजणी मागवितों. शरीराचा बांध आंतून कोरला जात असतां आवाज होत नाहीं, म्हणून त्याची मोजणी आपणच वेळेवर मागविली पाहिजे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी निनांवी पुडी फडताळांत पडलेली असेल, त्यांनीं ती आजच बाहेर काढून डॉक्टरास दाखवावी, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.